मित्र आहेत, पण दोर कुणाकडे आहे?

शनिवार-रविवारच्या सहलीसाठी केलेला व्हॉट्सअॅप गट उघडून पाहिला, तर त्यात कितीतरी गोष्टींची वाटणी झालेली दिसते. गाड्या कुणाच्या, पेट्रोल कोण भरणार, स्पीकर कोण आणणार, मासळी कुठे खायची, हिशेब कोण ठेवणार. पहाटे पुण्याहून किंवा मुंबईहून निघायचे, सकाळी कोलाडला कुंडलिकेच्या फेसाळत्या पाण्यात राफ्ट नाहीतर कयाक, दुपारी तळ्यावरून आगरदांडा, जेवण, मग तिथल्या खाडीत पुन्हा थोडे वल्हवायचे आणि जमलेच तर जंगलजेटीने गाड्यांसह पलीकडे दिघीला. आठ-दहा मित्रांची अशी सहल आता नवलाची राहिलेली नाही. हवा भरून फुगवायची कयाक घरपोच मिळते आणि घडी घालून डिकीत बसते. नवल वाटावे अशी गोष्ट दुसरीच आहे. हिशेब ठेवणारा ठरतो, पण पाण्यात कोण कुणावर नजर ठेवणार, हे ठरत नाही. ‘आपण सगळे आहोतच की,’ एवढे म्हणून तो विषय संपतो.

बुडण्याच्या बाबतीत ‘सगळे आहेत’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘कुणीच नाही’ असा होतो.

याचे कारण बुडण्याच्या प्रक्रियेत आहे. बुडणे म्हणजे पोटात आणि छातीत घागरभर पाणी शिरून माणूस जड होणे, अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात नाक-तोंड पाण्याखाली गेले की माणूस आधी श्वास रोखतो. तो फार वेळ रोखता येत नाही. मग एखादा घोट पाणी आत जाते, खोकला येतो, काही वेळ घशातले स्वरयंत्र आखडते आणि त्यानंतर थोडे पाणी फुफ्फुसांत उतरते. हे पाणी फार नसते. पण फुफ्फुसातले लाखो वायुकोश उघडे ठेवणारा जो निसरडा थर असतो, तो या थोड्या पाण्यानेही धुऊन निघतो आणि कोश मिटू लागतात. रक्तातला प्राणवायू झपाट्याने घसरतो. एक-दोन मिनिटांत शुद्ध जाते, श्वास थांबतो आणि नंतर काही मिनिटांत हृदयही थांबते. प्राणवायूविना मेंदू चार ते सहा मिनिटे कसाबसा तग धरतो. म्हणजे जे काही व्हायचे, ते पहिल्या पाच-सहा मिनिटांत होते.

या पाच-सहा मिनिटांत १०८ ची रुग्णवाहिका येत नाही. ती कितीही तत्पर असली, तरी येऊ शकत नाही. आगरदांड्याहून अलिबागचे जिल्हा रुग्णालय पन्नास किलोमीटरहून लांब आहे. मुरूड जवळ आहे, पण पाच मिनिटांच्या हिशेबात तेही लांबच. सरकारी रुग्णालयाच्या दारात जीपमधून, टेम्पोतून, कधी रिक्षातून बुडालेला तरुण आणला जातो, सोबत ओल्या कपड्यांतले सात-आठ मित्र असतात आणि ‘डॉक्टर, काहीतरी करा’ म्हणतात. डॉक्टर करायचे ते करतात. पण त्या तरुणाचे काय होणार, हे बहुतेक वेळा पाण्याच्या काठावरच ठरून गेलेले असते. हृदयविकारात, अपघातात, सर्पदंशात रुग्णालय बरेच काही फिरवू शकते. बुडण्यात खरा उपचारक एकच असतो, त्या वेळी तिथे असलेला माणूस. मित्रांच्या सहलीत तो मित्रच असणार.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत गेल्या काही वर्षांत देशभरातल्या अपघाती बुडण्याच्या मृत्यूंचा आकडा दरवर्षी ३५ हजारांच्या वर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. यातले सगळे सहलीला गेलेले नव्हते. विहिरी, शेततळी, पूर, ओढ्याकाठी खेळणारी लहान मुले यांचा वाटा मोठा आहे. पण धडधाकट, पंचविशी-तिशीतले आणि मित्रांच्या घोळक्यात असताना गेलेले, हा गट वेगळा डोळ्यांत भरतो. कारण त्यांच्याकडे मदत हाकेच्या अंतरावर होती.

आणि गंमत अशी, की मदत कशी जवळ ठेवायची हे शिकायला फार लांब जायला नको. ते कोलाडला दिसते.

कुंडलिका ही तशी विचित्र नदी आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणातले ओढे आटलेले असतात, तेव्हाही ती सकाळच्या वेळी खळाळते. हे पाणी मूळचे तिचे नाही. घाटमाथ्यावर मुळशीच्या धरणात साठलेले, एरवी मुळा, भीमा, कृष्णा या वाटेने बंगालच्या उपसागराला गेले असते असे पाणी टाटांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या भिरा वीजकेंद्रात नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली उतरवले जाते. वीज तयार झाली की ते कुंडलिकेत सोडले जाते आणि रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीला मिळते. ज्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, त्याच धरणाच्या पाण्यावर आज शहरातली मुले हेल्मेट घालून उड्या मारत जातात. पाणी कधी सुटणार आणि किती सुटणार, हे विजेच्या गरजेवर ठरते. म्हणून इथे वेळ पाळावी लागते, आणि पात्रात निवांत डुंबणाऱ्याच्या अंगावर पाणी अचानक वाढू शकते.

या बारा-चौदा किलोमीटरच्या पट्ट्यात पाण्याचे उतार मध्यम प्रतीचे आहेत. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर एक ते सहा अशा ज्या पायऱ्या असतात, त्यांतल्या दोन आणि तीन इथे सापडतात. त्यामुळे कयाक शिकणाऱ्यांना हे पाणी मानवते. कयाक म्हणजे एका माणसाची, बंद तोंडाची अरुंद होडी. कमरेभोवती एक ताणलेला पडदा असतो, त्यामुळे आत पाणी येत नाही. पण होडी उलटली, की माणूस डोके खाली आणि पाय होडीत अशा अवस्थेत अडकतो. पडद्याचा पुढचा पट्टा ओढून बाहेर पडणे, किंवा वल्ह्याच्या झटक्याने होडीसकट पुन्हा वर येणे, हे दोन मार्ग. दोन्ही आधी संथ पाण्यात, कमरेएवढ्या खोलीत, शेजारी कुणी उभे असताना घोटावे लागतात. यूट्यूबवर पाहून जमत नाही. उलटे झाल्यावर नाकात पाणी गेले की पाहिलेले सगळे विसरायला होते.

या खेळात मुरलेल्या लोकांची मित्रमंडळी पाहण्यासारखी असते. उतार येण्याआधी ती काठावर उतरतात, खडकावर उभी राहून पाणी वाचतात. खडक कुठे आहे, मुख्य धार कुठे जाते, झाडाची फांदी कुठे अडकली आहे, पलटी झाली तर माणूस वाहत कुठे जाईल. मग एकजण आधी खाली जाऊन थांबतो. दुसरा काठावरच्या खडकावर दोराची पिशवी घेऊन बसतो. या पिशवीत पंधरा-वीस मीटर तरंगणारा दोर असतो. फेकला की पिशवी पुढे जाते आणि दोर मागे सुटत जातो. दोर धरणारा तो कधीही स्वतःच्या मनगटाला गुंडाळत नाही, नाहीतर तोही ओढला जायचा. मग बाकीचे एकेक करून उतरतात. खाली पोचलेला डोक्यावर थाप मारून दाखवतो, म्हणजे ‘मी ठीक’. शिटीचे तीन लांब आवाज म्हणजे ‘मदत हवी’. शेवटी माणसे मोजली जातात.

त्यांची आणखी एक रीत आहे, आणि वैद्यकीय सल्ल्याच्या शंभर पत्रकांपेक्षा ती मोलाची आहे. उतार पाहिल्यावर ज्याला तो नको वाटतो, तो होडी खांद्यावर घेतो आणि काठाने चालत पुढे जातो. त्याला कुणी कारण विचारत नाही. ‘घाबरलास का?’ असे म्हणणारा या मंडळींत हलका समजला जातो. पट्टीचे कयाकवालेसुद्धा ‘आज मन नाही’ म्हणून चालत जातात.

आता हे आपल्याकडच्या सहलीशी ताडून पाहावे. नको म्हणणारा एक असतोच. त्याला पोहता येत नाही, किंवा काल रात्री झोप झालेली नाही, किंवा नुसतेच वाटत नाही. त्याच्यावर मोबाइलचे कॅमेरे रोखले जातात. ‘काय रे, एवढा आलास आणि आता शेपूट घालतोस?’ तो उतरतो. गटाने घेतलेला निर्णय बऱ्याचदा गटातल्या प्रत्येकाने एकट्याने घेतला असता त्यापेक्षा अधिक धाडसी असतो. मानसशास्त्रज्ञांनी हे अनेकदा नोंदवले आहे. प्रत्येकाला वाटते, बाकीच्यांनी विचार केलाच असेल. त्यात बिअरची भर पडली, की तोल, अंतराचा अंदाज आणि लाज ही तिन्ही कमी होतात. यातली लाज कमी होणे तेवढे बाकीच्यांना दिसते.

कोलाडच्या पाण्यात मात्र हा घोळका निदान शिस्तीत असतो. जाकीट, हेल्मेट आणि वाटाड्या असल्याशिवाय राफ्ट हलत नाही. पाणी आवाज करते, पांढरे दिसते, म्हणून माणूस आपोआप सावध होतो. खरी काळजी दुपारनंतरची आहे, आगरदांड्याच्या बाजूची. तिथे राजपुरीची खाडी संथ, रुंद, देखणी पसरलेली असते. खाडीच्या तोंडाशी जंजिरा दिसतो. लाट नाही, फेस नाही, उतार नाही. जाकीट गाडीतच राहते, कारण ते घातले की फोटो चांगले येत नाहीत.

संथ दिसणारी खाडी खरे तर दिवसातून चार वेळा वाहणारी नदी आहे, दोनदा आत आणि दोनदा बाहेर. कोळ्यांना ती कधी कुठे वाहते हे पंचांगावरून कळते. तिथीला पाऊणने गुणले, की भरतीची साधारण वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. पंचमीला पावणेचार. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण अंदाज चुकत नाही. या हिशेबाने पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला पूर्ण होते आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत ओहोटी चालते. हेच दिवस उधाणाचे. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेतीन मीटरच्या घरात जातो. दक्षिणेला तो थोडा कमी होत जातो, पण खाडीतले तेवढे सगळे पाणी सहा तासांत समुद्रात जायचे असते. त्यातले निम्मे पाणी मधल्या दोन तासांत जाते, म्हणजे दुपारी दोन ते चारच्या दरम्यान.

ही वेळ ओळखीची वाटेल. जेवण झालेले असते, ऊन कलायला लागलेले असते आणि ‘चला, एक चक्कर मारून येऊ’ म्हणायची हीच वेळ. चांदणे पाहायचे म्हणून पौर्णिमेचा शनिवार निवडलेला असतो. बाहेर जाताना ओहोटी होडीला ढकलते, त्यामुळे आपल्याला फारच छान वल्हवता येते असे वाटते. शिकाऊ माणूस तासाला चार-पाच किलोमीटर वेगाने वल्हवतो, तेही पहिला अर्धा तास. परतताना त्यातला निम्मा वेग पाण्याने खाल्ला, तर वेळ दुप्पट लागतो आणि हात भरून येतात. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. बाहेर जाणारे पाणी आणि आत येणारा वारा एकमेकांना भिडले की खाडीच्या तोंडाशी आखूड, उभ्या, फेसाळ लाटा उठतात. सकाळी ज्या फेसाळत्या पाण्यासाठी पैसे मोजले, ते दुपारी फुकट मिळते. या वेळी जाकीट नाही, वाटाड्या नाही आणि काठ अर्धा किलोमीटर लांब.

यावर उपाय अवघड नाही. वल्हवायचे ते भरती पूर्ण होण्याआधीच्या तासाभरात, जाताना पाण्याविरुद्ध आणि येताना पाण्याबरोबर जाता येईल अशा दिशेने, काठाला धरून. धक्क्यावरच्या कुठल्याही कोळ्याला किंवा फेरीबोटीच्या माणसाला ‘आज पाणी कसे आहे?’ एवढे विचारले, तरी तो सांगतो. मात्र विचारल्यावर ऐकायला हवे.

जाकिटाबद्दल एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. ऐंशी किलोच्या माणसाला पाण्यावर धरायला ऐंशी किलोची ताकद लागत नाही. शरीराचा बहुतेक भार पाणीच उचलते. तोंड पाण्याबाहेर ठेवायला बहुतेक प्रौढांना जेमतेम तीन ते साडेपाच किलोचा आधार जास्तीचा पुरतो. जाकीट तो देते, आणि शुद्ध गेली, हात दमले, पोटऱ्यांत गोळा आला, तरी देत राहते. पोहायला येणे हे काम करत नाही. तलावात वीस फेऱ्या मारणाऱ्याला समोर भिंत दिसत असते. जाकीट मापाचे आहे का, हे पाहायला दोन्ही खांद्यांचे पट्टे धरून वर ओढायचे. ते कानापर्यंत आले, तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जाणार. कंबरेचा पट्टा सैल ठेवून घातलेले जाकीट फोटोपुरतेच असते.

वाहत्या पाण्यात पडल्यावर माणसाचा पहिला आवेग असतो उभे राहण्याचा. तोही घातक. पाणी गुडघ्याच्या वर असेल आणि वेगात असेल, तर पाय दोन दगडांच्या फटीत अडकतो आणि मागून येणारे पाणी धड पुढे लोटते. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा चौपट होतो. मग कमरेएवढ्या पाण्यातही डोके वर राहत नाही. म्हणून पाठीवर तरंगायचे, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेला, तळवे वर आणि काठाकडे सरकत राहायचे. कोलाडचे वाटाडे हे प्रत्येक फेरीआधी सांगतात. त्या वेळी बहुतेकजण सेल्फी काढत असतात.

याहून वाईट जागा महाराष्ट्राच्या नद्यांवर गावोगावी आहे आणि तिची भीती कुणालाच वाटत नाही, ती म्हणजे कोल्हापुरी बंधारा. चार-सहा फुटांवरून पाण्याची एकसारखी चादर पडते. धबधब्यासारखी दिसते, पोरे खाली आंघोळ करतात. पावसाळ्यात पाणी वाढले, की पडणारे पाणी तळाशी जाऊन पुन्हा वर येते आणि त्यातले काही मागे बंधाऱ्याकडेच वळते. त्यात सापडलेला माणूस वर येतो, मागे ओढला जातो, खाली दाबला जातो, पुन्हा वर येतो. पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते, की जाकिटाचा आधारही कमी पडतो. नैसर्गिक उतारावर कुठेतरी फट असते, धार सुटते. बंधारा मात्र या काठापासून त्या काठापर्यंत सरळ असतो आणि बाहेर पडायला वाट नसते. कयाक चालवणारे मुरलेले लोक मोठमोठ्या उतारांत घुसतात, पण असा बंधारा दिसला की मुकाट्याने होडी उचलतात.

बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो, तो आपल्याला दिसेलच, हा समज सिनेमाने दिला आहे. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी १९७० च्या दशकात बुडणाऱ्यांचे प्रत्यक्ष चित्रीकरण केले, तेव्हा वेगळेच दिसले. ओरडायला श्वास लागतो, आणि तोच नसतो. हात हलवता येत नाहीत, कारण ते आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत असतात. तोंड पाण्याच्या पातळीशी वरखाली होते, डोके मागे कलते, माणूस उभाच्या उभा असतो, पाय मारत नाही. हे वीस ते साठ सेकंद चालते. शेजारी दहा फुटांवर पाणी उडवणाऱ्या मित्रांना तो मजेत आहे असे वाटते. घोळक्यात प्रत्येकाची नजर सगळ्यांवर असते, म्हणजे कुणावरच नसते. यावर जोड्या लावणे हा शाळेच्या सहलीतला उपाय मोठ्यांनाही चालतो. दर काही मिनिटांनी ‘तू ठीक?’ म्हणून विचारायचे आणि उत्तर आले नाही तर शिटी वाजवायची.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून आलेल्या महाविद्यालयीन सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. आगरदांडा तिथून काही किलोमीटरवर आहे. भर दिवसाची वेळ होती आणि सहल शंभराहून अधिक जणांची होती.

एकामागून एक माणसे जाण्याचे प्रकार पाण्याच्या अपघातांत वारंवार घडतात. पहिला बुडू लागतो, दुसरा त्याला धरायला उडी मारतो, तिसरा दुसऱ्याला. बुडणारा माणूस जे हाताला लागेल त्यावर चढतो, मग ते लाकूड असो की जिवलग मित्राचे डोके. मैत्रीच्या ओढीने मारलेली ती उडी समजण्यासारखी आहे, पण ती बहुतेकदा एकाऐवजी दोन शवविच्छेदने करायला लावते. काठावरून पोचेल तेवढे काठीने, वल्ह्याने द्यावे. पोचत नसेल तर दोर किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा वीस लिटरचा कॅन फेकावा. तेही जमत नसेल तर होडी घेऊन जावे, तीही त्याला मागून धरता येईल अशी. स्वतः पोहत जाणे हे अगदी शेवटचे, आणि तेही तरंगणारे काहीतरी हातात घेऊन. आगरदांड्याच्या त्या गाडीत स्पीकर असतो, बर्फाचा डबा असतो. दोर नसतो.

माणूस बाहेर काढल्यावरच्या गोंधळाबद्दल स्वतंत्र लिहावे लागेल, इतके प्रकार आहेत. पायाला धरून उलटा लटकवणे, खांद्यावर घेऊन गरगर फिरवणे, पालथा घालून पोट दाबणे आणि अलीकडे मोबाइलवर फिरणारा निरोप वाचून मिठाच्या ढिगात पुरून ठेवणे. मीठ पाणी शोषून घेते म्हणून मेलेला माणूस जिवंत होतो, असा हा निरोप आहे. त्याला कसलाही आधार नाही आणि तो वागवण्यात शेवटची मिनिटे जातात. पोट दाबल्याने निघते ते पोटातले पाणी. फुफ्फुसातले नव्हे. उलट ते घशात येऊन पुन्हा श्वासनलिकेत उतरते.

शुद्ध नाही आणि श्वास नीट चालत नाही, एवढे दिसले की लगेच उताणे झोपवून, हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन श्वास द्यावेत. युरोपातल्या मार्गदर्शक सूचना पाच द्यायला सांगतात. छाती वर उठताना दिसली पाहिजे. मग छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या वेगाने ३० दाब, पाच-सहा सेंटीमीटर खोल. पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस दाब. नुसते छातीवर दाब देण्याची जी सोपी पद्धत अलीकडे सगळीकडे शिकवली जाते, ती अचानक हृदय बंद पडलेल्यासाठी ठीक आहे, कारण त्याच्या रक्तात प्राणवायू शिल्लक असतो. बुडालेल्याच्या रक्तात तो संपलेला असतो. त्याला श्वास हवा. तोंडाला फेस येतो, तो पुसत बसू नये. उलटी झाली तर एका कुशीवर वळवून तोंड साफ करावे आणि पुढे चालू ठेवावे. दुसऱ्या मित्राने तोपर्यंत १०८ ला फोन करावा आणि तिसऱ्याने रस्त्यावर उभे राहून गाडीला वाट दाखवावी. हे सगळे शिकायला एखादी दुपार पुरते.

शुद्धीवर आला, उठून बसला, ‘काही नाही रे’ म्हणाला, तरी ज्याला पाण्याखाली जाऊन खोकला लागला, धाप लागली किंवा तोंडाला फेस आला होता, त्याला रुग्णालयात न्यावेच. वायुकोशांची हानी पुढच्या काही तासांत वाढू शकते. चार ते आठ तास निरीक्षणाखाली राहून, छाती स्वच्छ आणि प्राणवायूचे प्रमाण ठीक असले तर घरी जायला हरकत नाही. त्याला गाडीच्या मागच्या सीटवर झोपवून थेट पुण्याकडे निघणे मात्र नको.

मृत्यूपर्यंत न जाणाऱ्या दोन गोष्टीही सांगायला हव्यात. कयाकमध्ये खांदा निखळतो. होडी कलंडताना सावरायला हात डोक्याच्या वर आणि मागे गेला, की पाण्याचा रेटा खांदा पुढच्या बाजूने सांध्याबाहेर काढतो. म्हणून कोपर खांद्याच्या खाली आणि हात नेहमी डोळ्यांसमोर ठेवायचे. निखळलाच तर झोळी बांधून रुग्णालयात यावे. मित्राने सिनेमातल्यासारखा झटका देऊन बसवू नये आणि हाडवैद्याकडेही नेऊ नये. त्यात नस दुखावते. दुसरी गोष्ट लेप्टोस्पायरोसिसची. २००० मध्ये बोर्निओत झालेल्या इको-चॅलेंज शर्यतीत कयाकसह नदीतून गेलेले कितीतरी स्पर्धक आपापल्या देशांत परतल्यावर तापाने आजारी पडले. तपासाअंती तो लेप्टो निघाला. कोकणात पावसाळ्यात हा आजार ओळखीचा आहे. पण पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या डॉक्टरांना रुग्ण दोन आठवड्यांपूर्वी नदीत पडला होता हे कळायला मार्ग नसतो. सहलीनंतर ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले, तर ‘मी नदीत होतो’ हे वाक्य न विचारता सांगावे. लवकर ओळखला तर साध्या प्रतिजैविकाने बरा होतो.

राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. त्यात व्यावसायिकांची नोंदणी आणि सुरक्षेचे निकष आहेत. ते चांगलेच झाले. मात्र ते धोरण पैसे घेऊन खेळ चालवणाऱ्यांसाठी आहे. डिकीतून कयाक आणणाऱ्या आठ मित्रांना ते लागू नाही. त्यांच्यामागे पोलीस लावूनही उपयोग नाही. बंदी घातली की मुले पुढच्या, अधिक निर्मनुष्य किनाऱ्यावर जातात, तिथे तर कोळीही नसतो. त्यापेक्षा स्वस्त आणि अधिक उपयोगाचे काम ग्रामपंचायती करू शकतात. आगरदांड्यासारख्या प्रत्येक धक्क्यावर आणि प्रत्येक बंधाऱ्यावर खांबाला अडकवलेली एक ट्यूब, तिला वीस मीटर दोर आणि शेजारी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा खडूने लिहिलेला फळा. फळ्याची जबाबदारी शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांकडे दिली, तरी ती रोज वेळा लिहितील. पाऊणचा पाढा त्यांनाही त्या निमित्ताने येईल. दोराची मात्र दर महिन्याला कुणीतरी ओढून परीक्षा घ्यायला हवी. उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात नायलॉन वर्ष-दोन वर्षांत कुजते, आणि तो तुटल्याचे नको त्या वेळी लक्षात येते.